उचलणे, पेलणे आणि रोखणे : घरगुती वाहनदुरुस्तीतील रॅम्पचा सुरक्षित वापर

१. विषय आणि त्याची मर्यादा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके होत. या तालुक्यांतील गावांत बैलगाडी, ट्रॅक्टर, मालवाहू पिकअप आणि खाजगी मोटार ही चारही वाहने आज एकाच रस्त्यावर, आणि पुष्कळदा एकाच घराच्या अंगणात उभी असलेली दिसतात. मोठ्या दुरुस्तीसाठी वाहन तालुक्याच्या गावी मिस्तरीकडे न्यावे लागते. तथापि इंजिनाचे तेल बदलणे, तेलाची गाळणी बदलणे, खालच्या बाजूची गळती पाहणे, सैल झालेली पट्टी आवळणे यांसारखी कामे घरीच उरकण्याकडे वाहनधारकाचा स्वाभाविक कल असतो. या कामांसाठी मोटारीची पुढची अगर मागची दोन चाके ज्यांवर चढविता येतात अशा सुट्या, जोडीने मिळणाऱ्या उतरणींना बाजारात ‘रॅम्प’ असे म्हणतात. त्यांचा निर्धोक वापर कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. तो भाषाविषयक विवेचनात का घ्यावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, वाहनाखाली शिरणारा मनुष्य प्रत्यक्षात उपकरणावर जितका विसंबतो तितकाच तो शब्दावरही विसंबतो. ‘गाडी उचलली’, ‘गाडी उभी आहे’, ‘दगड लावला’ अशी वाक्ये ऐकूनच तो खाली जातो. ही वाक्ये परिस्थितीचे जेवढे वर्णन करतात तेवढेच खरे असते. ती जे वगळतात त्यात धोका असतो. बेंजामिन ली वोर्फ हा भाषाभ्यासक व्यवसायाने आगविमा कंपनीतील तपासनीस होता. १९३९ साली लिहिलेल्या आणि १९४१ मध्ये एडवर्ड सपीर याच्या स्मृतिग्रंथात प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ पिंपांचे उदाहरण दिले आहे. पिंप रिकामे म्हटले की माणसे त्याच्याजवळ निष्काळजीपणे वावरतात. वस्तुतः त्यात स्फोटक वाफ भरलेली असते. मोटारीच्या बाबतीत ‘उभी’ हे विशेषण याच प्रकारचे आहे. रस्त्याच्या कडेला थांबलेली मोटारही ‘उभी’ आणि १६ सेंटिमीटर उंचीवर दोन चाके टेकवून ठेवलेली मोटारही ‘उभी’च.

या धोक्याचे स्वरूप एका साध्या मापावरून स्पष्ट होईल. मारुती आल्टोसारख्या छोट्या मोटारीच्या तळाची जमिनीपासून उंची सुमारे १६ सेंटिमीटर असते. प्रौढ माणसाच्या छातीची जाडी सुमारे २० सेंटिमीटर धरली, तर मोटार रॅम्पवरून उतरून आपल्या चारही चाकांवर आली, तरीही खाली पडून असलेल्या माणसाला पुरेशी जागा उरत नाही. चाके शाबूत आहेत एवढ्याने जीव वाचत नाही.

२. तीन क्रिया

वाहनाखाली काम करण्यापूर्वी तीन निरनिराळ्या क्रिया घडाव्या लागतात. मराठीत त्यांना तीन निरनिराळी क्रियापदे उपलब्ध आहेत : उचलणे, पेलणे आणि रोखणे. पुढील सर्व विवेचन या भेदावर आधारलेले आहे.

‘उचलणे’ ही पूर्ण होणारी क्रिया आहे. झेनो व्हेंडलर याने १९५७ मध्ये क्रियापदांचे कालस्वरूपानुसार जे वर्गीकरण केले, त्याच्या परिभाषेत ही सिद्धीला पोहोचणारी क्रिया होय. गाडी उचलली की क्रिया संपली. ‘पेलणे’ हे याच्या उलट आहे. ओझे पेलले असे आपण म्हणतो तेव्हा ते क्षणोक्षणी पेलले जात असते. ज्या क्षणी पेलणे थांबते त्या क्षणी ओझे खाली येते. ‘रोखणे’ या क्रियापदाचा अर्थ आणखी वेगळा आहे. जे हलू पाहते तेच रोखता येते. म्हणजे या क्रियापदात वस्तूच्या ठिकाणी हालचालीची प्रवृत्ती गृहीत धरलेली आहे. भिंत कोणी रोखत नाही. बैल, पाणी आणि गाडी रोखावी लागते.

बैलगाडीच्या कण्याला वंगण घालण्याची रीत ज्याने पाहिली आहे त्याला हा भेद नवा वाटणार नाही. चाक काढण्यापूर्वी बैल सोडलेले असतात. गाडी माणसांच्या खांद्याने उचलली जाते. कण्याखाली लाकडाचा टेकू देऊन ती पेलली जाते. आणि जमिनीवर राहिलेल्या चाकाला दगड लावून ती रोखली जाते. खांदा, टेकू आणि दगड अशी तीन साधने तीन क्रिया करतात. उचलणाऱ्या खांद्यानेच गाडी पेलत राहावी, अशी अपेक्षा तेथे कोणी करीत नाही. मोटार आल्यावर साधने बदलली आणि एकाच यंत्राने दोन किंवा तीन क्रिया उरकल्या जातात असा समज रूढ झाला. अपघाताचे मूळ पुष्कळदा या समजात असते.

३. उपकरणांची नावे

कारखान्यातील नावे या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘मिस्तरी’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दावरून आलेला आहे. ‘जॅक’ हा इंग्रजी शब्द मुळात व्यक्तिनाम आहे. घरातील पडेल ते काम करणाऱ्या पोऱ्याला जॅक म्हणत, आणि पुढे मनुष्याचे श्रम वाचविणाऱ्या अनेक साधनांना तेच नाव मिळाले. जॅक हा अशा रीतीने चाकर आहे. बोलावले असता येतो, उचलून देतो आणि काम झाले की त्याने बाजूला व्हावे अशी अपेक्षा असते.

जॅकने उचललेल्या गाडीखाली जो तिपाई किंवा चौपाई लोखंडी आधार देतात त्याला आपल्याकडील मिस्तरी ‘घोडी’ म्हणतात. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकलेल्या असतात तीही घोडीच. भार वाहून उभ्या राहणाऱ्या साधनाला चतुष्पाद प्राण्याचे नाव देण्याची ही प्रवृत्ती इतर भाषांतही आढळते. चित्रकाराच्या उभ्या चौकटीला इंग्रजीत ‘ईझल’ म्हणतात. तो डच भाषेतील गाढववाचक शब्द होय. त्याच वस्तूला फ्रेंचमध्ये ‘शव्हाले’, म्हणजे छोटा घोडा, असे नाव आहे. जर्मन ‘बोक’ या शब्दाचा अर्थ बोकड असा असून आधाराच्या घोडीलाही तोच शब्द वापरतात. तात्पर्य, जॅक उचलणारा आणि घोडी पेलणारी हा श्रमविभाग नावांतच व्यक्त झालेला आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे चाकराकडून घोडीचे काम घेणे होय. जलशक्तीवर चालणाऱ्या जॅकमधील एक झिजलेली चकती तेल सोडू लागली तरी गाडी खाली येते, आणि पट्टीच्या किंवा कात्रीच्या जॅकचा तळ इतका लहान असतो की बाजूने बसलेला थोडासा धक्काही त्याला कलता करण्यास पुरतो.

‘रॅम्प’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. चढणे किंवा सरपटणे या अर्थाच्या ‘रांपे’ या फ्रेंच क्रियापदापासून तो इंग्रजीत आला. मराठी बोलण्यात रुग्णालयाच्या दाराशी असलेली चाकांच्या खुर्चीसाठीची उतरण, गाड्या धुण्याच्या केंद्रातील सिमेंटचे दोन उंच पट्टे आणि घरगुती वापराची प्लास्टिकची अगर लोखंडी जोडी या सर्वांना तो लागू होतो. त्यांपैकी धुलाईकेंद्रातील बांधीव रॅम्प जमिनीशी एकजीव असतो; घरगुती रॅम्प जमिनीवर केवळ ठेवलेला असतो. नाव एक असल्यामुळे पहिल्यावरील विश्वास नकळत दुसऱ्यावर बसतो. शिवाय या नावात फक्त चढण्याचा उल्लेख आहे. थांबून राहण्याचा नाही.

रॅम्पचा गुण असा की, तो उचलणे आणि पेलणे या दोन्ही क्रिया करतो. गाडी स्वतःच्या शक्तीने चढते, आणि वर पोहोचल्यावर तिचा भार चाकांच्या नैसर्गिक मार्गानेच रॅम्पवर येतो. या दृष्टीने तो जॅकपेक्षा निश्चितच श्रेष्ठ आहे. त्याची उणीव अशी की, तो तिसरी क्रिया, म्हणजे रोखणे, जवळजवळ करीत नाही. पुढच्या टोकाला असलेला उंच काठ गाडी पुढे पडू नये एवढ्यापुरता असतो. मागे जाण्यास मात्र ज्या वाटेने गाडी वर आली ती वाट मोकळीच असते.

४. रॅम्पवरील मोटारीची स्थिती

मोटारीचा पुढचा भाग उंच झाला म्हणजे ती सतत मागे ओढली जात असते, असा सर्वसामान्य समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही, आणि त्यातील चूक समजून घेणे उपयोगाचे आहे.

आल्टोच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २३६ सेंटिमीटर आहे. पुढची चाके १६ सेंटिमीटर उंच झाली तर गाडीचा सांगाडा सुमारे ४ अंशांनी कलतो. परंतु पुढची चाके रॅम्पच्या माथ्यावरील सपाट भागावर आणि मागची चाके समतल जमिनीवर असतील, तर चारही चाके आडव्या पृष्ठभागांवर असतात, आणि केवळ सांगाडा कलल्यामुळे गाडीला मागे नेणारे बल निर्माण होत नाही. ती स्थिर दिसते, कारण ती खरोखरच स्थिर असते. मात्र ही स्थिरता काही सेंटिमीटर रुंदीच्या सपाट भागापुरतीच असते. चाक त्या भागाची मागची कड ओलांडून उतरणीवर आले की परिस्थिती एकदम पालटते. ७५० किलो वजनाच्या गाडीच्या पुढच्या आसावर ४५० किलो भार आहे आणि रॅम्पचा चढ चारास एक आहे असे मानले, तर मागे ढकलणारे बल सुमारे ११२ किलो वजनाइतके होते. ते हाताने थोपविणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग चाक त्या कडेपर्यंत जाते कशाने? येथे मराठीतील एक लहानसा शब्द महत्त्वाचा ठरतो. जमिनीच्या तिरपेपणासाठी आपण चढ, उतार, कल आणि ढाळ असे शब्द वापरतो. चढ चढणाऱ्याला जाणवतो, उतार उतरणाऱ्याला जाणवतो. ढाळ मात्र माणसाला जाणवत नाही, तो पाण्याला जाणवतो. अंगणात किंवा ओसरीपुढे फरशी बसविताना गवंडी पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम ढाळ देतो. पन्नास फुटांस एक फूट ढाळ डोळ्यांना दिसतही नाही. परंतु ७५० किलोच्या गाडीवर त्याचे बल १५ किलो होते, आणि हवा भरलेल्या चाकांची गती सुरू होण्यास होणारा विरोध साधारणतः १० ते ११ किलोंच्या घरात असतो. अर्थात ब्रेक व गिअर नसताना अशा ‘सपाट’ अंगणातील गाडी स्वतःहून चालू लागते. खाली पडून घट्ट बसलेला नट पान्याने झटका देऊन सोडविणाऱ्याचे बलही यात मिळवावे लागते. म्हणून पहिला नियम असा की, रॅम्प मांडण्यापूर्वी जागेवर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेने गाडी जाऊ पाहील.

५. ब्रेक, गिअर आणि ठोकळे

बहुतेक मोटारींत हातब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. गिअर मात्र ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्याच चाकांना धरून ठेवतो. छोट्या मोटारींत ही शक्ती प्रायः पुढच्या चाकांना मिळते. बोलेरोसारख्या वाहनात ती मागच्या चाकांना मिळते. यावरून दोन निष्कर्ष निघतात.

पुढच्या चाकांना शक्ती असलेली मोटार रॅम्पवर असेल, तर गिअर पुढची चाके धरतो आणि हातब्रेक मागची. चारही चाकांना काही ना काही बंधन असते. मागच्या चाकांना शक्ती असलेल्या वाहनात गिअर व हातब्रेक ही दोन्ही बंधने एकाच जोडीवर पडतात आणि पुढची जोडी पूर्णतः मोकळी राहते. अशा वाहनाची मागची बाजू जॅकने उचलली, तर जमिनीवर उरलेल्या चाकांना कोणतेच बंधन नसते. ‘ब्रेक लावला आहे, गिअरही टाकला आहे’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही निरर्थक होते.

म्हणून ब्रेक आणि गिअर ही पहिली दोन बंधने मानून तिसरे बंधन जमिनीवरील चाकांना बाहेरून द्यावे. लाकडाचे पाचरीसारखे तासलेले ठोकळे दोन्ही चाकांना, प्रत्येकाच्या पुढे आणि मागे, घट्ट सारून बसवावेत. हाताशी सापडलेला गोल दगड हे काम करीत नाही. चाकाबरोबर तोही गडगडतो. वीट चाकाखाली भरडली जाते. आणि विटांची चळत रचून तिच्यावर गाडी टेकविणे तर सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे, कारण वीट वाकून सूचना देत नाही. ती एकाएकी तडकते.

६. जमीन आणि हवामान

हिंगोली जिल्ह्याची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली काळी माती आहे. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. कापूस, सोयाबीन आणि हळद यांना उपकारक असलेला हा गुण रॅम्पला मात्र प्रतिकूल आहे. पावसाळ्यात वरून सुकलेले दिसणारे अंगण आतून मऊ असते. पोकळ प्लास्टिकचा रॅम्प आपल्या कडांवर आणि पट्ट्यांवरच टेकतो. त्यामुळे भार थोड्या जागेत एकवटतो. दोहोंपैकी एक रॅम्प अधिक खचला तर गाडी आडवी कलते आणि चाक रॅम्पच्या कडेकडे सरकते. मातीच्या अंगणात काम करावयाचेच असेल, तर प्रत्येक रॅम्पखाली त्याच्यापेक्षा लांबरुंद अशी जाड लाकडी फळी द्यावी. सिमेंटचे पक्के खळे मिळाले तर अधिक चांगले. परंतु तेथेही ढाळ पाहणे चुकत नाही.

शहाबादी फरशीचा प्रश्न याच्या उलट आहे. ती खचत नाही, पण गुळगुळीत असते, आणि तिच्यावर पाणी, तेल किंवा बारीक धूळ असली म्हणजे रॅम्प घसरतो. मागच्या चाकांच्या शक्तीने चालणारे वाहन पुढची चाके रॅम्पवर ढकलते, तेव्हा ती चाके रॅम्पलाही पुढे ढकलतात. पुढच्या चाकांना शक्ती असेल तर एकाएकी वेग दिल्याने चाक रॅम्पला मागे, गाडीच्या पोटाखाली, फेकते. आणि एकाएकी ब्रेक दाबल्याने तो पुढे सरकतो. यावर साधा उपाय म्हणजे रॅम्पखाली खरबरीत रबरी पट्टी अंथरून ती मागे इतकी लांब ठेवावी की, चढण्यापूर्वी चाक प्रथम त्या पट्टीवर येईल. मग गाडीचे वजनच पट्टी दाबून ठेवते. गोणपाट या कामी उपयोगाचे नाही. फरशीवर तेच घसरते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते, आणि उन्हातील फरशी त्याहून पुष्कळ अधिक तापते. उष्णतेने प्लास्टिकचा ताठपणा कमी होतो. वर्षानुवर्षे उन्हात पडून राहिल्याने ते ठिसूळही होते. म्हणून प्लास्टिकचे रॅम्प सावलीत ठेवावेत, काम सकाळी करावे आणि प्रत्येक वेळी पट्ट्यांच्या सांध्यांत पांढरी रेघ किंवा तडा दिसतो काय हे पाहावे. लोखंडी रॅम्पच्या बाबतीत जोडकामाच्या ठिकाणी गंज आणि भेग पाहावी.

रॅम्पवर छापलेल्या क्षमतेच्या आकड्याचे वाचनही सावधपणे करावे. ‘क्षमता २ टन’ याचा अर्थ एका रॅम्पची की जोडीची, हे मजकुरावरून स्पष्ट होत नसेल तर ती जोडीचीच आहे असे समजावे. संदिग्ध वाक्याचा अर्थ लावताना साहित्यात समृद्ध अर्थ निवडावा आणि येथे दुर्बल अर्थ निवडावा.

७. कामाचा क्रम

वरील विवेचनातून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे निश्चित होतो.

प्रथम समतल व टणक जागा पाहावी. दोन्ही रॅम्प चाकांच्या अगदी रेषेत, एकमेकांना समांतर आणि चाकांना टेकतील असे ठेवावेत. चालकाने पहिल्या गिअरमध्ये, एका संथ वेगाने चढावे. मध्येच थांबून पुन्हा झटका देऊ नये. चाक पुढच्या काठाला हलके टेकताच थांबावे. काठ हा थांबण्याची खूण आहे. अडथळा म्हणून त्याची परीक्षा घेऊ नये.

त्यानंतर इंजिन बंद करून गिअर टाकावा, हातब्रेक पूर्ण ओढावा आणि जमिनीवरील चाकांना ठोकळे लावावेत. किल्ली काढून ती खाली शिरणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. गाडीत कोणीही, विशेषतः मुले, बसलेली नसावीत. नंतर बाहेर उभे राहून गाडी बाजूने जोराने हलवून पाहावी. जी गाडी बाहेरून हलविल्याने सरकते ती आतून पान्याचा झटका दिल्यानेही सरकेल. फरक एवढाच की, पहिल्या वेळी तिच्याखाली कोणी नसते. शक्य असेल तेथे सांगाड्याच्या मजबूत भागाखाली घोड्यांची एक जोडीही उभी करावी. रॅम्पने दगा दिला तरच तिचा उपयोग व्हावयाचा आहे, आणि बहुधा तो कधीच होणार नाही. परंतु दुसऱ्या आधाराचे मोल त्याच्या वापरावरून ठरत नाही.

तेल कोमट असताना काढावे, उकळते नव्हे. धुराची नळी बराच वेळ तापलेली असते. काढलेले तेल जमिनीत किंवा नालीत सोडू नये, कारण ते विहिरीपर्यंत पोहोचते. खाली उतरण्यासाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी निचऱ्याचा बोल्ट आवळला आहे आणि नवे तेल भरले आहे याची खात्री करावी. तेलाची अंतिम पातळी मात्र गाडी समतल जमिनीवर आल्यावरच मोजावी. शेवटी हत्यारे मोजून बाहेर काढावीत, चालकाने जागेवर बसून पायब्रेक दाबावा, मगच ठोकळे काढावेत, आणि ठोकळे काढणारा बाजूला झाल्यावरच गाडी सावकाश मागे घ्यावी.

८. सूचनेची भाषा

या क्रमातील सर्वांत नाजूक क्षण शेवटचा आहे, आणि तो पूर्णतः भाषेचा आहे. पुढील प्रसंग कल्पून पाहावा. वडील मागच्या चाकाजवळ वाकलेले आहेत. मुलगा चालकाच्या जागी बसला आहे. तो विचारतो, “काढू का, बाबा?” वडिलांच्या मनात ठोकळा आहे. त्यांना वाटते की, उतरून ठोकळा काढू का असे मुलगा विचारतो आहे. ते म्हणतात, “काढ.” मुलाच्या मनात गाडी आहे.

येथे कोणीही चुकीचे मराठी बोललेले नाही. कर्म अध्याहृत ठेवण्याची मराठीला मुभा आहे, आणि घरातील माणसे ती सर्वाधिक घेतात; कारण त्यांना एकमेकांचे मन ठाऊक आहे असे त्यांना वाटते. ‘सोडा’ या आज्ञार्थाचेही असेच आहे : ब्रेक सोडा, की आहे तसे सोडा? ‘चालू द्या’ म्हणजे गाडी चालू द्या, की इंजिन चालू राहू द्या? ‘पुढे’ हा शब्द तर बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये दर्शक शब्दांचा विचार करताना वक्त्याचा ‘येथे’ आणि ‘आता’ हा केंद्रबिंदू कल्पिला. खूण करणारा गाडीकडे तोंड करून उभा असतो. त्याचे पुढे ते चालकाचे मागे होते.

म्हणून रॅम्पच्या कामापुरती भाषा आधी ठरवून घ्यावी. सूचना एकानेच द्यावी. इतरांनी गप्प राहावे. प्रत्येक आज्ञेत कर्म स्पष्ट उच्चारावे : ‘ठोकळा काढ’, ‘ब्रेक सोड’, ‘गाडी मागे घे’. दिशा गाडीच्या तोंडावरून मोजावी, बोलणाऱ्याच्या नव्हे. ‘थांब’ हा शब्द मात्र कोणीही, केव्हाही उच्चारू शकेल आणि तो ऐकताच चालक कारण न विचारता थांबेल. ऐकणाऱ्याने आज्ञा मोठ्याने परत म्हणून दाखवावी. ‘काढ’ला ‘गाडी काढतो’ असे उत्तर आले असते, तर वरील प्रसंगातील बापाला बाजूला होण्यास दोन क्षण मिळाले असते, आणि तेवढे पुरेसे होते.

९. समारोप

अशा अपघातांचे वर्णन मराठीत ज्या क्रियापदांनी होते ती ध्यानात घेण्याजोगी आहेत : जॅक सुटला, रॅम्प सरकला, गाडी घसरली, वीट फुटली. सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. वाक्यात उपकरण हाच कर्ता आणि मनुष्य कोठेही नाही. याउलट प्रतिबंधाची क्रियापदे सकर्मक आहेत : पेलणे, टेकविणे, अडविणे, रोखणे. त्यांना करणारा लागतो. दुर्घटनेनंतरची भाषा माणसाला दोषमुक्त करते, आणि दुःखाच्या प्रसंगी ते योग्यही असेल. परंतु दुर्घटनेपूर्वीची भाषा सकर्मक असली पाहिजे.

तात्पर्य, रॅम्प हे उपयुक्त साधन आहे, परंतु ते तीन क्रियांपैकी दोनच करते. गाडीखाली शिरण्यापूर्वी ‘गाडी उचलली का?’ हा एक प्रश्न पुरेसा नाही. ‘कशाने उचलली, कशावर पेलली आहे आणि कोणी, कशाने रोखली आहे?’ हे तीन प्रश्न विचारावेत, आणि तिघांची उत्तरे निरनिराळी आल्यावाचून खाली शिरू नये.